फोंडाघाटचा रानकोंबडा आणि पिसांची रंगाई

सनदा, महजर, शकावल्या व नाणीं यांची चर्चा जेथें चालावयाची, तेथें पिसें, केंस व ते घरच्या घरीं रंगविण्याचे प्रकार यांस जागा कोठून, अशी शंका वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. तिचें निरसन प्रथम करूं. कागदाचा काळ आपण अक्षरावरून, शाईवरून व कागदाच्या जातीवरून ठरवितों. चवरी, मोरचेल, तुरा, घोड्याच्या साजावरील केंसांचे गोंडे, वाळ्याचे पंखे इत्यादि वस्तूंवर अक्षर नसतें. असतो तो रंग. आणि रंगासही जन्मवर्ष असतें. कांहीं रंग वराहमिहिराच्याही पूर्वींचे आहेत, कांहीं इ. स. १८५६ नंतरचे आहेत, आणि १८५६ नंतरचा रंग ज्या वस्तूवर आहे ती वस्तु पेशवाईंतील म्हणून दाखविली जात असेल, तर तेवढ्यापुरती ती कथा खोटी ठरते. हें ज्ञान आम्हांस ग्रंथावरून झालें नाहीं. घरच्या एका नुकसानीवरून झालें. त्याची हकीकत पुढें येईल.

प्रस्तुत विषयाकडे आमचें लक्ष वळलें तें एका पत्र्याच्या डबीमुळें. जुन्या बाजारांतून आमच्या एका स्नेह्यांनीं ती घेतली. आंत गळावर बांधलेल्या नऊ कृत्रिम माशा होत्या. विलायतेंत नदीच्या माशास भुलविण्यासाठीं पीस, केंस, रेशीम व जर गळाभोंवतीं गुंडाळून किड्यासारखी आकृति करितात. तिला तिकडे माशी म्हणतात. आमच्या किनाऱ्यावर गळास गरी व गळ टाकून मासे धरण्यास गरवणें म्हणतात. परंतु गरीला आमिष लावावयाचें तें सुंगटाचें किंवा गांडुळाचें, म्हणजे खरोखरीच्या खाद्याचें. पिसाची माशी हा आपल्याकडील प्रकार नव्हे. डबींतील गळांना लोखंडी नाकें नसून तांतीचे फांसे होते. ही रीत विलायतेंत एकोणिसाव्या शतकांत सर्रास चाले. नवांपैकीं सहा माशांच्या दोन्ही बाजूंस एक एक काळसर पीस बसविलेलें होतें व त्या पिसावर मेणाच्या थेंबासारखा पिवळट पांढरा ठिपका होता. हें पीस पाहतांच आमच्या स्नेह्यांनीं ओळखलें. त्यांचें लहानपण फोंडाघाटास गेलेलें, आणि हा पक्षी त्यांनीं घाटाच्या रानांत पुष्कळदां पाहिलेला.

येथें स्थळाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण जुन्या कागदांत फोंडें हें नांव आलें कीं वाचक गोमंतकांतील फोंड्याकडे वळतो. शिवाजी महाराजांनीं इ. स. १६७५ मध्यें घेतलेला किल्ला तो गोमंतकांतील फोंड्याचा. आमचें फोंडाघाट तें नव्हे. हें कोल्हापूराहून राधानगरी-दाजीपूरवरून उतरणाऱ्या घाटाच्या पायथ्याशीं, कणकवली तालुक्यांत आहे. पूर्वीं तें रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे, इ. स. १९८१ मध्यें तो जिल्हा विभागला गेला तेव्हां सिंधुदुर्गांत आलें. १९४७ पर्यंत घाटमाथा कोल्हापूर संस्थानाचा व पायथा इंग्रजी मुलुखाचा, अशी येथें दोन राज्यांची शीव होती. माथ्यावरचें दाजीपूरचें रान ही कोल्हापूरकर छत्रपतींची शिकारीची जागा. १९५८ मध्यें तेथें गव्यांसाठीं अभयारण्य झालें, व पुढें त्याचाच विस्तार राधानगरी अभयारण्य म्हणून झाला. हिरडा, कात, शिकेकाई व रिठा हा या रानाचा माल. पुढें रंगाची चर्चा करतांना यांपैकीं तीन नांवें पुन्हां येतील.

आतां पक्षी. यास आपण राखी रानकोंबडा म्हणतों. सह्याद्रींत व दक्षिणेंतील इतर डोंगरांत तो राहतो. तांबडा रानकोंबडा उत्तरेकडचा व पूर्वेकडचा, हा आपला. सोनेरा नांवाच्या फ्रेंच प्रवाशानें इ. स. १७८२ मध्यें छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत याचें वर्णन दिलें, आणि टेमिंक या डच पंडितानें १८१३ मध्यें त्यास शास्त्रीय नांव देतांना सोनेराचेंच नांव जोडलें. आपल्या घरच्या कोंबड्या याच पक्ष्यापासून झाल्या असें सोनेराचें मत होतें. पुढें डार्विननें तें नाकारून सर्व मान तांबड्या रानकोंबड्यास दिला, व दीडशें वर्षें तोच निकाल चालला. २००८ मध्यें मात्र असें सिद्ध झालें कीं, घरच्या कोंबड्यांच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग ज्या वंशबीजामुळें येतो तें राखी रानकोंबड्यापासून आलेलें आहे. म्हणजे सोनेरा अगदींच चुकला नव्हता. इतिहासाच्या क्षेत्रांतही टाकून दिलेल्या मतांची अशी अंशतः पुनःस्थापना होतांना आपण पाहतोंच.

या पक्ष्याच्या नराच्या मानेवरील पिसें हीच काय ती जगावेगळी वस्तु. पीस काळें, कडा राखी, मधून बारीक ठिपके, आणि शेवटास घट्ट, चकचकीत, मिन्यासारखा एक थेंब. हा थेंब वर लावलेला रंग नव्हे. तेथें पिसाचे तंतु एकजीव होऊन त्यांची चपटी पापडी बनलेली असते. विणीचा हंगाम संपला कीं पावसाळ्यांत हीं पिसें गळतात व कांहीं महिने मानेवर साधीं काळीं पिसें राहतात. माशी बांधणाऱ्यास हा थेंब माशाच्या डोळ्यासारखा वाटतो, व विलायती सामन माशासाठीं बांधावयाच्या माशांत तो जवळजवळ आवश्यकच मानला गेला. ‘जॉक स्कॉट’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या माशीच्या कृतींत तो ठरलेला आहे. जॉर्ज केल्सन याचा सामनच्या माशांवरचा मोठा ग्रंथ १८९५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच्या काळीं हा प्रकार कळसास पोंचला होता, आणि जगाच्या चारी खंडांतील पक्षी त्यापायीं मारले जात होते.

जातां जातां नांवांच्या घोटाळ्याविषयीं एक सूचना करून ठेवितों. त्या ग्रंथांत ‘इंडियन क्रो’, म्हणजे शब्दशः हिंदी कावळा, या पक्ष्याचीं नारिंगी तांबडीं पिसें वारंवार सांगितलीं आहेत. तो पक्षी हिंदुस्थानचाही नव्हे व कावळाही नव्हे. तो दक्षिण अमेरिकेंतला. तेव्हां एखाद्या जुन्या यादींत हें नांव दिसलें म्हणून मुंबई बंदरांतून असा माल जात होता असें अनुमान कोणी काढूं नये. रानकोंबड्याची गोष्ट तशी नाहीं. तो खरोखरच येथून जाई. हिंदुस्थान सरकारनें इ. स. १९०२ मध्यें पक्ष्यांचीं कातडीं व पिसें परदेशीं पाठविण्यास बंदी केली. शहामृगाचीं पिसें व शास्त्रीय संग्रहासाठीं जाणारे नमुने तेवढे वगळले. विलायतेंत पिसांच्या आयातीस आळा घालणारा कायदा १९२१ मध्यें झाला. या दोहोंमधील एकोणीस वर्षांत माल चोरून जात राहिला, कारण इकडे दार बंद व तिकडे उघडें, अशी स्थिति होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर राखी रानकोंबडा मारणें व त्याच्या पिसांचा व्यापार करणें हा गुन्हा आहे. विलायतेंत आज जीं पिसें विकलीं जातात तीं बहुधा तेथें पिंजऱ्यांत वाढविलेल्या पक्ष्यांचीं असतात. घाटांतल्या एखाद्या पोरानें गळून पडलेलें पीस उचललें तरी त्याचा बाजार मांडूं नये हें सांगावें लागतें. संग्राहक मंडळींनींही हें ध्यानांत ठेवावें; जुन्या वस्तूच्या नांवाखालीं नवा माल खपविणारे आपल्याही क्षेत्रांत पुष्कळ आहेत.

डबींतील उरलेलीं पिसें मात्र अशीं दुर्मिळ नव्हतीं. पिवळीं, तांबडीं, निळीं व शेवाळी असलीं तरी तीं सारीं घरच्या कोंबड्याचीं व हंसाचीं; रंगविलेलीं. ओळखावयाची खूण सोपी आहे. निसर्गतः रंगीत असलेल्या पिसाचा देठ बहुधा फिका राहतो. रंगांत बुडविलेल्या पिसाचा देठही रंगतो. रंगाईचें महत्त्व येथेंच आहे. परदेशी पक्षी महाग व पुढें निषिद्ध झाले, तेव्हां माशी बांधणाऱ्यांनीं घरचा पांढरा कोंबडा, बकऱ्याचे केंस व हरणाची शेंपटी घेऊन तीं चुलीवरच्या भांड्यांत रंगविलीं. विल्यम ब्लॅकर या लंडनमधील कारागिरानें आपल्या १८५५ च्या पुस्तकाच्या नांवांतच माशी बांधण्याच्या जोडीला रंगाईचा उल्लेख केला आहे.

ही विद्या किती जुनी, हें पाहूं गेलें असतां पहिला आधार ईलियन नामक ग्रंथकाराचा सांपडतो. हा रोमचा, पण लिहिणारा ग्रीकांत, काल इ. स. दुसऱ्या शतकाची अखेर व तिसऱ्याचा आरंभ. मासिडोनियांतील लोक एका नदींत गळाभोंवतीं तांबडी लोंकर गुंडाळून तिला कोंबड्याच्या गलोलाखालचीं दोन मेणाच्या रंगाचीं पिसें लावितात, असें तो लिहितो. म्हणजे माशीचा अगदीं पहिला उल्लेख, आणि त्यांतच रंगविलेली लोंकर. ‘मेणाच्या रंगाचीं पिसें’ हे शब्द वाचून एखादा उत्साही संशोधक, हीं सह्याद्रींतील रानकोंबड्याचींच पिसें, तीं सोपाऱ्याहून मासिडोनियास गेलीं, असा सिद्धांत मांडण्यास धजेल. आम्हांसही क्षणभर तो मोह झाला. परंतु ईलियन रंग सांगतो, थेंब सांगत नाहीं. आणि पिवळट पिसांचे कोंबडे सर्वत्र असतात. तेव्हां तो मोह आवरलेला बरा.

इंग्लंडांत इ. स. १४९६ मध्यें विंकिन द वर्ड यानें गळानें मासे धरण्यावर एक प्रबंध छापला. तो ज्युलियाना बर्नर्स नांवाच्या जोगिणीनें रचला असें परंपरा म्हणते, व ती परंपरा आतां कोणी फारशी मानीत नाहीं. आपल्याकडील कित्येक बखरींच्या कर्तृत्वासारखीच ही गत. त्यांत घोड्याच्या शेंपटीच्या पांढऱ्या केंसांची दोरी वळण्यापूर्वीं ते केंस ऋतूप्रमाणें व पाण्याच्या रंगाप्रमाणें हिरवे, पिवळे, तांबूस किंवा काळपट कसे रंगवावे हें सांगितलें आहे. आणि साहित्यांत तुरटी व हिराकस यांचा समावेश आहे. फोंड्याच्या रंगाऱ्यासही हीं दोन नांवें परकीं वाटलीं नसतीं.

आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, भूलोकमल्ल, याचा मानसोल्लास हा ग्रंथ शके १०५१ च्या सुमाराचा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेले त्याचे भाग १९२५ पासून निघाले. त्यांतील मत्स्यविनोद हा अध्याय आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच चाळला असेल. डॉ. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनीं १९५१ मध्यें त्याचें विवेचन केलें, त्यावरून त्याचें मोल जगास कळलें. माशांच्या जाती, त्यांचें खाद्य, दोरी, काठी व गळ या सर्वांचा विचार राजानें केला आहे. पण आमिष खाद्याचेंच. त्याच ग्रंथांत कुक्कुटविनोद आहे, आणि वस्त्रांच्या अध्यायांत मंजिष्ठ, लाख, कुसुंबा, हळद व नीळ हे रंग आहेत. सामग्री सगळी घरांत होती, पण ती एकत्र येऊन पिसाची माशी झाली नाहीं. केंसांच्या रंगाविषयीं विचाराल तर वराहमिहिरानें बृहत्संहितेंत चामरलक्षण सांगतांना चवरीचे केंस पिवळे, काळे व पांढरे अशा तीन प्रकारचे म्हटले आहेत. हे तिन्ही जनावराचे स्वाभाविक रंग होत. केंस रंगविण्याची चाल आपल्याकडे डोळ्यांस दिसते ती चित्रांत: मोगल व राजपूत चित्रांतील पांढऱ्या घोड्यांच्या शेंपट्या, पाय व पोटाचा खालचा भाग मेंदीनें नारिंगी केलेला असतो. सावंतवाडीच्या वाळ्याच्या पंख्यांवर मोरपिसें व भुंग्यांचे चकचकीत पंख लावीत, याची नोंद १८८० च्या मुंबई गॅझेटियरांत आहे. पण तीं पिसें रंगवावीं लागत नसत. मोरपिसाचा निळा-हिरवा हा भिजवून चढणारा रंगच नव्हे, तो पिसाच्या घडणीमुळें प्रकाशांत उमटतो.

असो. डबीनें उत्पन्न केलेल्या जिज्ञासेपोटीं गेल्या हिवाळ्यांत आम्ही फोंडाघाटास पंधरा दिवस राहिलों व स्नेह्यांच्या परसांत चूल मांडून जुने रंग केंसांवर व पिसांवर चढवून पाहिले. स्नेही स्वतः माशा बांधणारे असल्यानें हात त्यांचा, टिपण आमचें. पिसें गांवठी पांढऱ्या कोंबड्याचीं, केंस पांढऱ्या बकऱ्याचे.

पहिली अडचण तेलाची. पक्षी शेंपटीच्या मुळाशीं असलेल्या ग्रंथींतून तेल काढून चोंचीनें पिसांस चोपडतो. त्यामुळें पाणी त्यांवर ठरत नाहीं, मग रंग कोठला ठरणार? रिठ्याच्या कोमट पाण्यांत पिसें तीनदां घोळलीं तेव्हां तीं पाण्यांत बुडूं लागलीं. तीं बुडालीं म्हणजे धुतलीं गेलीं, ही कसोटी स्नेह्यांनीं सांगितली. साबणानें काम होतें, पण सोड्यानें पिसाचे तंतु खडबडीत होतात. नंतर तुरटी. कोरड्या मालाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकी तुरटी पाण्यांत विरघळवून, माल आंत सोडून, पाणी हळूहळू तापवावयाचें. हात भाजेल इतकें, पण उकळी फुटूं द्यावयाची नाहीं. आणि तासभरानें त्याच पाण्यांत थंड होऊं द्यावयाचें. आमच्या घाईमुळें एका घाणीस सणसणीत उकळी आली, आणि पिसें वाळल्यावर गवताच्या काडीसारखीं कडक होऊन पिळवटलीं. भांडें कल्हईचें किंवा मातीचें पाहिजे. लोखंडी तव्यांत केलेला पिवळा रंग आमच्या डोळ्यांदेखत शेवाळी झाला. हा शेवाळी रंग माशीवाल्यांस मात्र फार प्रिय. स्नेह्यांनीं ती घाण आनंदानें उचलून नेली.

हळदीस तुरटीही लागत नाहीं. पांच मिनिटांत पीस लखलखीत पिवळें होतें. दोन उन्हांत अर्धें उतरतें. सोड्याचा थेंब पडतांच तांबूस होतें. म्हणून जुन्या वस्तूवर स्वच्छ पिवळा रंग टिकलेला दिसला तर तो हळदीचा असण्याचा संभव थोडा. काताचा तपकिरी उत्तम चढला. हिरड्याच्या काढ्यांत केंस रात्रभर ठेवून सकाळीं हिराकसाच्या पातळ पाण्यांत बुडविले असतां करड्यापासून काळ्यापर्यंत हव्या त्या छटा मिळाल्या. परंतु हिराकस जास्त झाला कीं केंस ठिसूळ होतात. जुन्या पोथ्यांत लोखंडाच्या शाईनें कागद अक्षराच्या आकारानें खाल्लेला आपण पाहतों, तोच हा रोग. जुन्या चवऱ्यांचे काळे केंसच आधीं तुटतात, त्याचें एक कारण हें असूं शकेल. मंजिष्ठेनें विटकरी तांबडा आला, लाखेनें किरमिजी. मेंदीचा नारिंगी केंसांवर असा बसला कीं कशानेंही हलेना.

कुसुंब्याची कृति निराळी, व ती आम्ही विस्तारानें देतों, कारण पुढील विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. करडईच्या फुलांत दोन रंग असतात. पिवळा पाण्यांत जातो; फुलें पिशवींत घालून वाहत्या पाण्यांत तुडवून तो सगळा काढून टाकावा. मग उरलेला चोथा पापडखार घालून मळला म्हणजे तांबडा सुटतो. त्या पाण्यांत माल घालून वरून लिंबाचा रस पिळावा. खाराचें बळ मोडलें कीं रंग मालावर येऊन बसतो. सर्व काम थंड पाण्यांत. रेशमावर हा रंग सुरेख गुलाबी तांबडा आला. बकऱ्याच्या केंसांवर दोनदां करूनही फिकट गुलाबीपलीकडे गेला नाहीं.

आजचे माशी बांधणारे हा खटाटोप करीत नाहींत. बाजारांतील पुडी, कोमट पाणी व चमचाभर शिरका, एवढ्यावर त्यांचें भागतें. शिरका कशाला, तर केंस व पीस हीं दोन्ही एकाच जातीच्या द्रव्याचीं आहेत, व पाणी आंबट असलें म्हणजे तीं विशिष्ट रंगांस ओढून घेतात. आम्ही शिरक्याऐवजीं आमसुलाचें पाणी घेऊन पाहिलें, कामास आलें, पण पांढऱ्या पिसावर स्वतःची तांबूस झांक सोडून गेलें. ओलें पीस वाळल्यापेक्षां नेहमीं गडद दिसतें, म्हणून हवा त्याहून गडद होईपर्यंत धीर धरावा. वाळल्यावर पीस चिकटून बसलेलें असतें. किटलीच्या वाफेवर धरून बोटांनीं कुरवाळलें कीं पुनः फुलतें. कसरीपासून जपण्यास डबींत कापूर ठेवावा.

आतां ती घरची हकीकत. आमच्या देवघरांत एक चवरी होती. मूठ चांदीच्या पत्र्यानें मढविलेली, केंस पांढरे, व खालचा अर्धा भाग गडद तांबडा. पेशवाईंत आमच्या पूर्वजांस ती दरबारांतून मिळाली, अशी घरांत समजूत. सुमारें वीस वर्षांपूर्वीं दिवाळीच्या साफसफाईंत, त्यावर काजळी व तेल बसलें आहे असें पाहून, आम्हीं स्वहस्तें ती धुण्याच्या सोड्याच्या कडकडीत पाण्यांत बुडविली. घटकाभरानें काढली तों तांबडा रंग बहुतेक गेलेला. पाणी आम्हीं मोरींत ओतलें. घरांतील वडील मंडळींनीं शब्दानेंही दोष दिला नाहीं, हें अधिक बोंचलें.

फोंडाघाटच्या चुलीवर आम्हीं मनांत धरलेला प्रश्न हाच होता कीं, तो रंग कोणता? रंगविलेले केंस वाळवून प्रत्येकाचा एक झुबका तशाच कडकडीत सोड्यांत टाकला. मेंदी जागची हलली नाहीं. मंजिष्ठ किंचित् काळवंडली, राहिली. लाख जांभळी झाली, पण गेली नाहीं. गेला तो कुसुंबा, आणि गेला तो पुडीचा मॅजेंटा. कुसुंबा खारांत सुटतो हें वरच्या कृतीवरून उघडच आहे. मॅजेंटाची तऱ्हा अशी कीं, तीव्र खारांत त्याचें रंगहीन द्रव्यांत रूपांतर होतें. तेव्हां आमच्या चवरीवर या दोहोंपैकींच एक असला पाहिजे. पैकीं कुसुंबा असेल तर परंपरेस बाध नाहीं. तो सोमेश्वराच्याही काळीं होता. मॅजेंटा असेल तर परंपरा, निदान त्या रंगापुरती, टिकत नाहीं. कारण पर्किननें पहिला कृत्रिम रंग १८५६ मध्यें काढला, मॅजेंटा फ्रान्सांत १८५९ मध्यें निघाला, आणि पेशवाई १८१८ मध्येंच बुडालेली.

आमचा कौल कोणीकडे? कुसुंबा केंसांवर फिकटच चढतो हें आम्हीं स्वतः पाहिलें, आणि चवरीचा रंग गडद होता. हें प्रमाण मॅजेंटाच्या बाजूचें. उलटपक्षीं, धुतलेलें पाणी पिवळट होतें असें घरांतील एका व्यक्तीस आठवतें. तें कुसुंब्याच्या बाजूचें. पण वीस वर्षांपूर्वींच्या मोरींतील पाण्याच्या आठवणीवर आम्ही दुसऱ्याचा ताम्रपट ठरविला नसता, मग आपली चवरी कशी ठरवावी? शिवाय ती पिवळट छटा तेलाची व काजळीचीही असूं शकते. आणखी एक शक्यता आमच्या स्नेह्यांनीं सुचविली व ती आम्हांस सयुक्तिक वाटते: चवरी जुनी, पण मागील शतकांत कोणीतरी, आमच्याच सारख्या सद्धेतूनें, बाजारांतली नवी पुडी आणून ती पुनः रंगविली असावी. १८७० नंतर असे रंग गांवोगांवच्या बाजारांत येऊं लागले होते. तसें असेल तर वस्तूचा काल एक व रंगाचा काल दुसरा, आणि आम्हीं जो पुरावा मोरींत घातला तो दुसऱ्याचा होता. चवरीच्या पांढऱ्या पडलेल्या केंसांवर लिंबू पिळूनही पाहिलें. कांहीं उमटलें नाहीं. इतक्या पाण्यांतून निघाल्यावर उमटण्यासारखें कांहीं राहिलेंही नसावें.

संग्राहकांपाशीं अशा वस्तु पुष्कळ आहेत, व रंग विटला कीं त्या उजळून घेण्याची हौसही पुष्कळांस आहे. त्यांस आमची विनंति एवढीच कीं, धुणें अगदीं अपरिहार्य झालें तर आधीं एका केंसावर थंड पाण्याचा, मग सोड्याचा, मग लिंबाचा थेंब टाकून काय होतें तें तारखेसह टिपून ठेवावें. आणि पुनः रंगविणें असेल तर बोटभर भाग मूळ रंगाचा राखावा. हल्लीं रसायनशाळांत केंसाच्या दोनचार मिलिमीटरांच्या तुकड्यावरून रंगाचे घटक वेगळे करून लाख, मंजिष्ठ, कुसुंबा कीं मॅजेंटा हें निश्चित सांगतां येतें. म्हणून एक केंस शिल्लक असणें म्हणजे कागद शिल्लक असण्यासारखेंच आहे.

हा लेख लिहीत असतां आम्हीं चवरी पुनः खालीं काढली. मुठीवरील चांदीचा पत्रा केंसांच्या बुडाशीं वळवून घेतला आहे, व तेथें एका बाजूस तो थोडा उचलला गेला आहे. भिंगानें पाहतां आंत दडपलेल्या केंसांच्या एका बटेवर सुताएवढी तांबडी रेघ दिसली. रंग खालच्या अर्ध्या भागावरच होता अशी आमची आजवर समजूत होती. ही रेघ तर मुठीपाशीं आहे. पत्रा आम्हीं उचकटलेला नाहीं. एका सोनारास तो बिनधक्का उघडतां येईल काय असें विचारलें असून, उघडल्यास दोन केंस परीक्षेस पाठवूं व निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, पुढील एखाद्या अंकांत कळवूं.